पुंगळी का अडकते

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार. सकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहिली आहे. पुढे कोणी म्हणायला नको की बाईंना नीट आठवत नाही.

लेन नंबर तीन. सातवी गोळी. पिस्तूल नवंकोरं, घेऊन तीन आठवडेही झाले नाहीत — आणि झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, जबड्यात अडकली. उभी! तोंड वर करून! मौला त्याला ‘चिमणी’ म्हणतो. मौला आमच्या नेमबाजी क्लबचा आर्मरर. शस्त्रं सांभाळायची, दुरुस्त करायची, रेंजची किल्ली ठेवायची. पूर्वी गिरणीत फिटर होता, त्यामुळे त्याला काहीही उभं दिसलं की गिरणीची चिमणी आठवते.

तीस गोळ्यांत पाच चिमण्या. जुन्या, भाड्याच्या पिस्तुलाने मी दोन वर्षं सराव केला, एकदाही असं झालं नाही. आणि हे स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून घेतलेलं!

गेल्या शनिवारपर्यंत ते उत्तम चालत होतं. मग बुधवारी खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला क्लबात नेलं. तिथून थेट घरी, कपाटात, कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. म्हणजे हात लागला असेल तर क्लबातच लागला.

आणि आता पुढचं. क्लबचं एक जुनं पिस्तूल आहे. माझ्याच कंपनीचं, माझ्याच मॉडेलचं. ऑगस्टपासून बंद होतं, कारण त्याचा एक्स्ट्रॅक्टर तुटला होता. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे नखाएवढा आकडा. झाडलेल्या पुंगळीची कड धरून तो तिला मागे ओढतो, मग ती बाहेर उडते. आज सकाळी तेच जुनं पिस्तूल लेन पाचवर ठणठणीत! पुंगळ्या लाह्यांसारख्या उडत होत्या.

“हे कधी सुरू झालं?” मी मौलाला विचारलं.

“झालं की बाई. परवा रात्रीच बसवला नवा आकडा.”

नवा. कुठून आला नवा?

पस्तीस वर्षं मी रेल्वेत तिकिटं तपासली. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो. रेंजला खिडकी नाही, तरी मौला खिडकीबाहेर बघत होता.


५ ऑक्टोबर, रविवार.

नळी साफ केली. गजाला फडकं लावून चार वेळा. आत आरशासारखी. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं आहे: पुंगळी अडकली तर आधी काडतूस बदलून पाहा, मग मॅगझिन, मग पकड. ‘आधी आर्मररवर नजर ठेवा’ असं कुठे लिहिलेलं नाही. ते मी वर पेन्सिलीने लिहिलं.


७ ऑक्टोबर, मंगळवार.

काडतुसं बदलून पाहिली. तीन प्रकारची, प्रत्येकी वीस. नवं पिस्तूल घट्ट असतं, मऊ दारूच्या काडतुसाला पुरेसा धक्का नसतो, स्लाइड पूर्ण मागे जात नाही, असं पुस्तिका म्हणते. ठीक आहे. मऊ: चार चिमण्या. मध्यम: चार. जोरकस: तीन, आणि एक पुंगळी तर आतच राहिली, बाहेर यायलाच तयार नाही.

म्हणजे काडतुसाचा दोष नाही. माणसाचा आहे.

मौला मागे उभा राहून बघत होता. “बाई, मला द्या, उघडून पुसून देतो. धा मिनिटं.”

“वॉरंटी आहे,” मी म्हटलं. “उघडायचं तर कंपनी उघडेल.”

उघडायची इतकी घाई का? एकदा उघडलं की आतला आकडा कुठला नि कुठला नव्हे, कोण सांगणार! बिनतिकीट प्रवासीसुद्धा असाच मदतीला येतो — ‘मॅडम, तुमची बॅग वर ठेवू का?’


९ ऑक्टोबर, गुरुवार.

आज त्याने कमाल केली.

“बाई, राग मानू नका. मनगट ढिल्लं पडतंय का? मनगट गेलं की स्लाइडला टेकू मिळत न्हाई, मग पुंगळी अडकते.”

मनगट! सत्तेचाळीस किलोची मी, चालत्या गाडीत दारात लटकणाऱ्या दोन माणसांना कॉलर धरून आत ओढलं आहे. एका हाताने!

मी पिस्तूल त्याच्या हातात दिलं. “झाड तू. तुझं मनगट बघू.”

त्याने दहा झाडल्या. तिसरीला चिमणी, आठवीला चिमणी. त्याने पिस्तूल खाली ठेवलं, दोन बोटांनी पुंगळी उचलली आणि कड निरखून बघितली. मग पुंगळी नाकाशी नेली. हुंगली! मग माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“काय?” मी विचारलं.

“काय न्हाई बाई. एकदा पुसायला पायजे, बास.”

माझा हात आहे ना दोषी, मग तुझ्या हातातही का अडकली? हे मी विचारलं. तो म्हणाला, “मग मनगट न्हाई, दुसरं काय तरी.” इतक्या सहज साक्ष फिरवणारा माणूस मी फक्त भुसावळच्या पुढे पाहिला आहे.


११ ऑक्टोबर, शनिवार.

दुसरं मॅगझिन लावून पाहिलं. चिमण्या तशाच. मग लेन बदलली. तशाच! चष्मा बदलला — हा शुद्ध वेडेपणा, पण केला.

२२ नोव्हेंबरला साठीच्या वरच्या बायकांची राज्य स्पर्धा आहे. चाळीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या संघात मी दोन पदकं घेतली, मग नोकरी, मग आईचं आजारपण, मग नोकरी. परत पिस्तूल हातात धरायला निवृत्तीच यावी लागली. स्पर्धेत एका चिमणीचे सेकंद परत मिळत नाहीत. कोणी हे मुद्दाम केलं असेल तर त्याने माझ्या पिस्तुलाला नाही, माझ्या उरलेल्या वर्षांना हात घातला आहे.


१२ ऑक्टोबर, रविवार. दुपार.

सापडलं!!

मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे तीनदा पाहिलं, स्लाइड मागे अडकवली, खिडकीच्या उजेडात भिंग घेऊन बसले. टूथपिक आकड्याखाली घातली आणि हलकेच फिरवली. टूथपिकला चिकट, लालसर-तपकिरी काहीतरी आलं. गोंदासारखं! आकडा स्प्रिंगवर हलायला हवा, तो जागीच धरून ठेवल्यासारखा झाला होता.

लाल गोंद. स्क्रू आणि सुटे भाग हलू नयेत म्हणून मेकॅनिक लावतात तो लाल गोंद! मौलाच्या टेबलावर त्याची बाटली मी स्वतः पाहिली आहे. म्हणजे माझा आकडा काढून जुन्याला लावला, जुन्याचा दुरुस्त केलेला माझ्यात बसवला, आणि हलू नये म्हणून चिकटवला. सगळं जुळतं.

मायाक्का भांडी घासायला आली होती, डोकावून बघत उभी राहिली. “काय वो अक्का, बंदुकीला सर्दी झाली व्हय?”

“सर्दी नाही, चोरी झाली.”

“आं? मग ती हितं कशी?”

तिला काय सांगणार. टूथपिक औषधाच्या डबीत ठेवली, डबीला चिकटपट्टी लावली, तारीख घातली. बाकीचं तसंच ठेवलं. पुराव्याला हात लावायचा नसतो.


१३ ऑक्टोबर, सोमवार.

अर्ज लिहिला. साडेतीन पानं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अर्सुला शिकवायच्या — आधी घटना, मग पुरावा, विशेषणं शेवटी, उरली तर. माझ्याकडे भरपूर उरली होती. “विश्वासघातकी” दोनदा आलं, एक खोडलं.

क्लबचे सेक्रेटरी गुरुशांत. पंपांचं दुकान आहे. मला अक्का म्हणतात, लांबून नात्यातही लागतात. दुकानातच अर्ज दिला. वाटलं होतं, समजावतील, ‘अक्का, जाऊ द्या’ म्हणतील, दोन महिने लावतील. क्लबात पंखा बदलायला अकरा महिने लागले होते.

त्यांनी उभ्याउभ्या वाचला. “फार गंभीर आहे हे अक्का. शस्त्रात छेडछाड! लगेच घेतो.”

लगेच? गुरुशांत आणि लगेच?


१६ ऑक्टोबर, गुरुवार.

मौलाला कामावरून बंद केलं. किल्ल्या घेतल्या. मी सरावाला गेले तेव्हा तो आपल्या टेबलाचे खण रिकामे करत होता. कानशी, ब्रश, मऊ फडक्यांची चळत. एकेक फडकं घडी घालून पिशवीत ठेवत होता. मला बघून म्हणाला, “बाई, पिस्तूल पुसून घ्या मात्र.”

अजून तेच! काय निर्ढावलेपण.

गुरुशांतने चहा मागवला. “अक्का, तुमच्या अर्जामुळे काम सोपं झालं.”

कोणतं काम? माझं काम पिस्तूल दुरुस्त होणं. ते अजून अडकतंच आहे. मग सोपं कोणाचं झालं?

विचारलं नाही. विचारायला हवं होतं.


२१ ऑक्टोबर, मंगळवार.

लक्ष्मीपूजन. दिवसभर फटाके. प्रत्येक आवाजाला मी मनात मोजत होते: उडाली, अडकली, उडाली.


२८ ऑक्टोबर, मंगळवार. पुण्याहून परत येताना, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये.

पिस्तूल आणि परवाना घेऊन ज्या दुकानातून विकत घेतलं तिथे गेले. दुकानाच्या मागे त्यांचा कारागीर बसतो. माझ्याच वयाचा, जाड चष्मा, बोटं काळी. मी डबी समोर ठेवली. “लाल गोंद. आता आतला आकडाही बघा. माझा नाहीच तो.”

त्याने पाच मिनिटांत सगळं पिस्तूल टेबलावर मांडलं. आकडा भिंगाखाली धरला. “मॅडम, हा ओरिजिनलच आहे. ह्याला कधी कोणी हात लावलेला नाही. पिनेवर कारखान्याचा ठिपका तसाच आहे, बघा.”

बघितलं. होता ठिपका.

मग त्याने टूथपिकवरचा गोंद पाण्याच्या थेंबात चोळला. विरघळला! मेकॅनिकचा गोंद पाण्यात विरघळत नाही म्हणे. वास घेतला आणि हसायलाच लागला. “नारळ फोडला होता ना?”

“काय?”

“नारळाचं पाणी आहे हो. वाळलं की साखरेसारखं चिकटतं. आणि हे लाल म्हणजे कुंकू. दसरा झाला की माझ्याकडे दर वर्षी पाच-सहा येतात असे. पूजेला ठेवायचं तर स्लाइड बंद ठेवा, इतकं सांगतो, पण रेंजचा नियम उलटा — शस्त्र उघडंच पाहिजे. आत सगळा प्रसाद! सोलापूरहून मात्र पहिल्यांदाच आलं. तुमच्याकडे मौलाभाई आहेत ना, ते त्याच संध्याकाळी सगळं पुसून ठेवतात. त्यांनी सोडलं कसं?”

मी विचारलं, त्या जुन्या पिस्तुलाचा आकडा कुठून आला?

“मीच पाठवला. सप्टेंबरच्या शेवटी, कुरिअरने. पावती हवी?”

पावती घेतली. सवय.

गाडीने कुर्डुवाडी सोडली आहे. समोर बसलेल्या मुलीने विचारलं, आजी, बरं वाटत नाहीये का? तिला तिकीट विचारावंसं वाटलं.


२९ ऑक्टोबर, बुधवार.

खंडेनवमीचं सगळं लिहून काढते. आता तरी पूर्ण.

लांब टेबलावर लाल कापड, त्यावर क्लबची आणि सभासदांची शस्त्रं ओळीने. नियमाप्रमाणे सगळ्यांच्या स्लाइड मागे, तोंडं भिंतीकडे. माझं नवं, म्हणून पहिला मान — गुरुशांतच्या अगदी पुढ्यात. त्यांनी कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि टेबलाच्या कडेला दगडावर नारळ आपटला. पाणी उडालं. मी फोटो काढत होते. माझ्या फोटोत सुद्धा आहे — आज मोठा करून पाहिला — स्लाइडच्या उघड्या तोंडात चमकणारे थेंब.

मग मौला फडकं घेऊन आला. माझ्यापासून सुरुवात करणार होता. “बाई, द्या, पुसतो.” मी पेटी बंद केली. म्हणाले, “माझ्या वस्तूला दुसऱ्याचा हात नको. पुसता पुसता भाग बदलतात लोक.” मोठ्याने म्हणाले. चार जण हसले. तोही हसला.

घरी येऊन वरवरचं पाणी टिपलं. कुंकू राहू दिलं. नव्या वस्तूचा टिळा कशाला पुसायचा, म्हणून! नळी चारदा साफ केली, आकड्याखाली बघितलं नाही. जो माणूस बघणार होता त्याला मी चोर ठरवलं — आधी तोंडाने, मग साडेतीन पानांनी.


३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

भवानी पेठेत मौलाचं घर. विचारत विचारत गेले. दारात त्याची बायको अजीजा कोथिंबीर निवडत होती. मी कोण हे सांगावं लागलं नाही.

“या की टीसीबाई. उभ्यानं तपासणार का बसून? आमच्याकडं तिकीट न्हाई, आधीच सांगते.”

बसले. तिने पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. बरोबर आहे.

“घर बघायचं असेल तर बघा. तुमचा आकडा कुटं लपवलाय ते. पिठाच्या डब्यात बघा. न्हाई तर माझ्या नथीला लावलाय म्हणा की!” नाकात नथ नव्हती. “वीस बरस ते क्लबात होते बाई. एक स्क्रू घरी आला न्हाई. मीच वैतागायची, अवो शिलाई मशीनला एक स्क्रू आणा की. न्हाई म्हणायचे. आन् आता गल्लीतली पोरं विचारत्यात, चाचा, बंदूक चोरली का?”

मौला जेवायला आला. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करतो आता. हात तेलाचे होते, तसेच लांब धरून उभा राहिला.

मी सांगितलं. नारळ, कुंकू, ठिपका, पावती. सगळं. तो ऐकत होता. त्याला यातलं काहीच नवीन नव्हतं!

“तुला माहीत होतं.”

“वास आला त्या दिवशी. पुंगळीला. गरम झालं की गूळ जळल्यासारखा येतो.”

“मग बोलला का नाहीस? अर्ज झाला, किल्ल्या गेल्या, तरी?”

तो बायकोकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही. “काय बोलू बाई? सेक्रेटरीसाहेबांच्या नारळानं पिस्तूल बिघडलं म्हणू? त्या टेबलापाशी मी एकटा मुसलमान. पूजा झाली की मौला फडकं घेऊन येतो, पुसतो, कुणाला काय बोलत न्हाई. वीस बरस. पूजा त्यांची, पुसणं माझं. एकदा तोंड उघडलं असतं, तर मौला पूजेला नावं ठेवतो एवढंच गावभर झालं असतं. चोर म्हणून परवडलं.”

अजीजा म्हणाली, “त्यांना परवडलं. मला न्हाई.”

मी माफी मागितली. कॉन्व्हेंटमध्ये शिकवली तशी, उभं राहून, कारणं न देता. मौला म्हणाला, “असू द्या बाई, पिस्तूल चाललं ना?” अजीजा म्हणाली, “असू द्या कसं? अर्ज कागदावर हाय. तोंडानं माफी काय कामाची? कागदाला कागद पायजे.”

या बाईला रेल्वेत घ्यायला हवं होतं.


३ नोव्हेंबर, सोमवार.

गुरुशांतच्या दुकानात. अर्ज मागे घेते म्हणाले. पावती दाखवली, फोटो दाखवला.

त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. “म्हणजे अक्का, तुमचं म्हणणं आमच्या पूजेत दोष आहे?”

“पूजेत नाही. न पुसण्यात आहे. आणि न पुसणारी मी आहे.”

“असं बघा. अर्ज आला, कमिटीत वाचला, ठराव झाला. आता अर्ज मागे घेता येत नाही. पंधरा तारखेला पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेला पत्र जाईल, शस्त्रात छेडछाड केली म्हणून. रीतच आहे. आणि मौलाचं वयही झालंय.”

पत्र गेलं तर मौलाला कुठल्याच रेंजवर, कुठल्याच दुकानात शस्त्राला हात लावता येणार नाही. जन्मभर.

“त्याच्या जागी कोण?” मी विचारलं.

खिडकीबाहेर बघितलं त्यांनी! शेवटी दुकानातला मुनीमच बोलून गेला, दुधनीहून साहेबांचे मेव्हणे येणार आहेत, खोलीही बघून ठेवली आहे, ऑगस्टपासून.

ऑगस्टपासून! म्हणजे माझ्या पहिल्या चिमणीच्या दोन महिने आधीपासून. त्यांना एक अर्ज हवा होता. साडेतीन पानांचा, चांगल्या अक्षरातला. मी नेऊन दिला.

“अक्का, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमचं पिस्तूल झालं ना नीट? स्पर्धा जिंका.”

घरी येऊन क्लबची नियमावली काढली. पहिल्यापासून वाचली. माझ्याशिवाय ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही. नियम सोळा: निराधार तक्रार करणाऱ्या सभासदाविरुद्ध लेखी तक्रार आल्यास तिचा निर्णय होईपर्यंत मूळ तक्रारीवरची कारवाई थांबेल, आणि ती सिद्ध झाल्यास मूळ तक्रार रद्द, सभासदत्वही रद्द.

‘लेखी तक्रार आल्यास’. कोणाकडून, ते लिहिलेलं नाही.

सभासदत्व गेलं की खेळाडू म्हणून मिळालेला परवाना किती दिवस टिकेल, तेही वाचलं. पेन्सिलीने कडेला रेघ मारली.


५ नोव्हेंबर, बुधवार.

साठ गोळ्या. एकही चिमणी नाही. इतकं सुंदर पिस्तूल मी आयुष्यात हातात धरलेलं नाही.


७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, कमिटीच्या सातही सभासदांना, आणि एक प्रत परवाना शाखेला. नक्कल इथे ठेवते.

तक्रारदार: सिद्धेश्वरी म्हमाणे, निवृत्त मुख्य तिकीट निरीक्षक.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार: सिद्धेश्वरी म्हमाणे, सभासद.

घटना: दि. १ ऑक्टोबर रोजी सदर सभासदाने आपले शस्त्र आर्मररला पुसू दिले नाही. आकड्याखाली नारळाचे पाणी व कुंकू वाळून पुंगळ्या अडकल्या. त्यानंतर दि. १३ ऑक्टोबर रोजी तिने आर्मरर मौला यांच्यावर निराधार आरोप केला. फोटो, कारागिराचा दाखला व कुरिअरची पावती जोडली आहे. आरोपी सर्व आरोप मान्य करते.

मागणी: नियम सोळाप्रमाणे आरोपीचे सभासदत्व रद्द करावे, तिची दि. १३ ऑक्टोबरची तक्रार रद्द करावी, आणि मौला यांच्या किल्ल्या त्यांच्या घरी नेऊन द्याव्यात, सेक्रेटरींनी स्वतः. निर्णय शुक्रवार दि. १४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजेपर्यंत लेखी कळवावा. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.